पाळीचं फावडं

पुनवेला आणि अवसेला आमच्या पेणच्या खाडीत भरती भर दुपारी, बारा-साडेबाराला भरते. ही सोय देवानं माझ्या धंद्यासाठीच करून ठेवली असावी, कारण खाडीकाठी भुतांची वेळही तीच. रात्रीची भुतं शहरवाल्यांची. आमची भुतं जेवणाच्या वेळेला येतात.

मी कॅप्टन आहे. हसू नका, टोपी आहे माझ्याकडे. रोह्याच्या कारखान्यातल्या एका साहेबानं दिलेली, पांढरी, समोर सोनेरी नांगर. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना बोटीत घ्यायचं, लाईफ जॅकेटचे बंद आवळायचे, हातात रॉड द्यायचा, गळाला जिवंत कोळंबी लावायची आणि जिताडा कुठे बसलाय ते दाखवायचं, हे माझं काम. कधी रेवदंड्याला जाऊन बाहेरच्या दर्यातही नेतो, पण माझी खरी जागा खाडीतली. आणि मासा लागला नाही तर गोष्ट सांगायची, हेही माझंच काम. मासा रोज लागत नाही. गोष्ट रोज लागते.

गोष्ट सांगायची जागा ठरलेली होती. इंजिन बंद करायचं. टोपी काढून मांडीवर ठेवायची. मग नुसतं पाण्याकडे बघत बसायचं. शहरातल्या माणसाला दोन मिनिटं शांतता सोसत नाही. कुणीतरी विचारतंच, "काय झालं, कॅप्टन?"

"बारा वाजले," मी हळूच म्हणायचो. "इथे खाली शेत आहे."

हे मात्र खरं होतं. माझ्या बोटीवर एक छोटा पडदा आहे, खालचा तळ दाखवणारा. मासे दिसावेत म्हणून घेतलेला. त्या जागेवर आलो की पडद्यावर सपाट तळ दिसतो, मग एक उंचवटा, पुन्हा सपाट, पुन्हा उंचवटा. ते आमच्या शेतांचे बांध. तिसऱ्या उंचवट्याच्या पलीकडचं शेत आमचं. त्यात लाल भात पिकायचा. आता बोयटं मासे चरतात.

"या शेतांना खाडीपासून वाचवायला मोठा मातीचा बांध होता," मी पुढे सांगायचो. "उधाणाच्या दिवसांत त्यावर एका माणसाची पाळी असायची. तो माणूस झोपला. बांध फुटला. शेतं गेली. तेव्हापासून तो मेला तरी दर उधाणाला खांद्यावर फावडं टाकून फिरतो, आणि खालून फावड्यानं ठोकून विचारतो..."

इथे मी टाचेनं बोटीच्या तळावर तीनदा ठोकायचो. ठक. ठक. ठक. लाईफ जॅकेट घातलेली मोठमोठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडलेली मी पाहिली आहेत. एक बँकेतले साहेब तर रॉड पाण्यात टाकून माझ्या गळ्यात पडले होते. मजा यायची. खोटं कशाला बोलू, फार मजा यायची.

त्या गोष्टीत एकच अडचण होती. गोष्टीतला झोपलेला माणूस माझा बाप होता. आणि तो झोपला नव्हता.

पाळी म्हणजे काय ते आधी सांगतो. खाडीचं पाणी आणि भात यांच्यामध्ये फक्त माती. त्या मातीत खेकडे बिळं करतात. उधाणाचं पाणी चढलं की बिळातून झिरपतं. वेळेवर दिसलं तर चिखलाचा एक लपका पुरतो. अर्ध्या तासानं दिसलं तर अख्खा गाव पुरत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत भरतीच्या वेळी एका घरानं बांधावर राखण करायची. त्यासाठी गावाचं एक फावडं होतं. ज्याच्या दाराला फावडं टेकलेलं, त्याची पाळी. पाळी संपली की पुढच्या घरानं स्वतः येऊन ते न्यायचं. नेऊन द्यायचं नाही, न्यायचं. कारण न्यायला येणारा माणूस म्हणजे "आता मी आहे, तू जा" असं सांगणारा माणूस. शेतात काम करणारी माणसं बांधाकडे तोंड करून ओरडायची, "कसा हाय बांध?" आणि पाळीवरचा ओरडायचा, "धड हाय!" दिवसातून वीस वेळा. लहानपणी मला वाटायचं हीच आमच्या गावाची आरती.

त्या वर्षी कोजागिरीला फावडं आमच्या दाराला होतं. भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्या खाली वाकल्या होत्या. त्याच दिवशी बापाला रोह्याजवळच्या वरसे गावी जायचं होतं. माझ्यासाठी मुलगी बघायला. मी वीस वर्षांचा होतो आणि मला मुलीपेक्षा मासे जास्त आवडत होते. बाप सकाळी धुतलेलं धोतर नेसून निघाला. जाताना म्हणाला, "उधाण मोठं हाय. उघाडीपासून भेंडीच्या झाडापर्यंत चालत रहा. बसू नको."

उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडपांची मोरी. शेतातलं पाणी खाडीत सोडायला. भरतीच्या वेळी झडपेच्या तोंडाशी जिताडे येऊन थांबतात. मला ते ठाऊक होतं. मी बसलो नाही. मी उभा राहून गळ टाकला.

साडेअकराला जिताडा लागला. त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळ जिताडे पाहिले. तसा नाही पाहिला. दोरी मनगटाला गुंडाळली होती, तिचा वळ अजून आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी म्हणतो, शार्कनं धरलं होतं. मी बांधाकडे पाठ करून त्याच्याशी झुंजत होतो. मागून आवाज येत होता, कुणी लांबवर भाकरी थापावी तसा. थप, थप. शेतातून कुणीतरी ओरडलं, "कसा हाय बांध?" मी मागे न बघता ओरडलो, "धड हाय!"

मग वळून पाहिलं. पन्नास पावलांवर बांधाला कुत्रं जाईल एवढी खांड पडली होती. फावडं तिथंच मातीत रोवलेलं होतं.

आता जे सांगतो ते मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी लगेच धावलो नाही. मी आधी मासा बांधला. दोरी उघाडीच्या खांबाला दोन वेढे देऊन गाठ मारली, गाठ ओढून पाहिली, आणि मग धावलो. तेवढ्यात खांडीतून म्हैस गेली असती. मी फावडं उपसलं तेव्हा बैलगाडी.

गाव धावत आला. पेंढा, खांब, घरांची दारं, सगळं त्या खांडीत टाकलं. पाण्यानं उचलून नेलं. संध्याकाळी बाप गाडीनं पेणला उतरून चालत आला तेव्हा अख्खा गाव चिखलात माखलेला होता. धुतलेल्या धोतरासकट तो चिखलात उतरला. अंधारायच्या आत तोही बाकीच्यांसारखाच दिसू लागला. मग कुणीतरी विचारलं, "पाळी कुणाची होती?"

मी तोंड उघडलं. बाप म्हणाला, "माझी."

"आन् मग काय करत होतास?"

"डोळा लागला," बाप म्हणाला.

घरी आल्यावर मी रडायला लागलो तर तो एवढंच बोलला, "पोरगी चांगली हाय. बांध बुडवणाऱ्याला कोन देल काय पोरगी?" आणि हात धुवायला गेला.

गाव कोजागिरीला जागतो, हा भरदिवसा झोपला, म्हणून त्याला नाव पडलं झोप्या. नाव ठेवलं आमच्या शेजारच्या काकानं. त्याचं शेत आमच्या शेताला लागून होतं आणि फावड्याची पुढची पाळी त्याच्या घराची होती. शेत गेल्यावर तो जोहेला गणपतीच्या कारखान्यात लागला. साच्यातून प्लास्टरच्या मूर्ती काढून काढून त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले, ते आजतागायत. कारखान्यातून एस्टीनं यायचा आणि आमच्या ओट्यासमोरून जाताना रोज म्हणायचा, "जागा हायस काय रं, झोप्या?" बाप म्हणायचा, "व्हय रं, जागा हाय." बारा वर्षं. माझा बाप आयुष्यात दुपारी कधी आडवा झाला नाही. आजारपणातही बसून असायचा.

आणि फावडं आमच्या दारालाच राहिलं. काका ते न्यायला आला नाही. राखायला बांधच नव्हता, येणार कशाला? आईनं ते आत घेतलं नाही. दर दसऱ्याला त्याला तेल लावून झेंडू वाहायची. आई गेल्यावर ते काम माझ्या बायकोनं घेतलं. होय, तीच वरशाची मुलगी. कुळथा-वालाच्या शेतातली, आतल्या गावची, खाऱ्या पाण्याला भिणारी. इतक्या वर्षांत माझ्या बोटीत एकदाही बसली नव्हती. पाहुण्यांसाठी डबा करून धक्क्यावर आणून द्यायची, आणि पाण्याला पाठ करून परत जायची.

मी बुडालेल्या शेतावर होडी फिरवू लागलो, मग साहेब लोक आले, मग बोट आली, टोपी आली. बाप तोवर गेला होता. काका आता जोहेला जात नाही, पण ओट्यावर बसून मला टोमणे मारायला त्याला वेळ भरपूर. "काय कॅप्टन, आज शेरातली किती माणसं बुडवलीस?" मी सलाम ठोकायचो. झोप्याचा पोरगा कॅप्टन झाला, यात त्याला खूप गंमत वाटायची. मलाही वाटायची, असं मी दाखवायचो.

गोष्ट कधी सुरू केली ते आठवत नाही. एकदा मासा लागत नव्हता, पाहुणे कंटाळले होते, मी सहज सांगून पाहिली. चालली. मग फावडं आलं, टाच आली, बापाच्या आवाजातलं "धड हाय" आलं. नटाला टाळ्या मिळाल्या की तो थांबतो काय?

पण मग एक झालं. बांधाचा गावाकडचा अर्धा तुकडा अजून उभा आहे, भेंडीच्या झाडापर्यंत. उधाणाला त्यावर घोटाभर पाणी चढतं. एका अवसेला गोष्ट सांगता सांगता मी त्या तुकड्याकडे बोट दाखवलं, आणि तिथे तो होता. खांद्यावर फावडं, धोतर वर खोचलेलं, पाण्यात घोटे बुडालेले. झाडापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. पाहुण्यांना काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, ऊन आहे, डोळे दिपतात. पुढच्या पुनवेला पुन्हा. त्यानंतर दर उधाणाला. एकदा तर बोटीखालून ठक, ठक, ठक आलं, पाहुणे ओरडले, मी हसलो, आणि मग लक्षात आलं की माझे दोन्ही पाय बाकावर होते. ओंडका असेल. खाडीत ओंडके येतात.

मी गोष्ट सांगायची सोडली नाही. सोडली तर तो दिसणार नाही, अशी मला भीती वाटायची. दिसतो याचीही वाटायची.

तर अशा एका पुनवेला पुण्याहून बायकांचा एक घोळका आला. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, त्यांच्या मैत्रिणी, सगळ्या हसऱ्या आणि न थांबणाऱ्या. डबा द्यायला आलेल्या माझ्या बायकोला त्यांनी धक्क्यावर घेरलं. जिताड्याचं कालवण कसं करता, आमच्यासोबत चला, बोटीतच सांगा. ती नाही नाही म्हणत असताना दोघींनी तिला उचलूनच आत घेतलं. ती डबा पोटाशी धरून मधोमध बसली. डोळे मिटलेले.

मला वाटलं, आज गोष्ट नको. पण मासा लागेना. एक बाई म्हणाली, "कॅप्टन, तुमची ती भुताची गोष्ट सांगा ना, आमच्या भाच्यानं सांगितलंय." बारा वाजले होते. झाडाजवळ तो फिरत होता. मी इंजिन बंद केलं, टोपी काढली.

सांगितली. झोपलेला माणूस, फुटलेला बांध, खालचं शेत. टाच उचलली तेवढ्यात माझी बायको डोळे उघडून म्हणाली, "झोपलेला कोन?"

"अगो, गोष्ट हाय," मी म्हटलं.

"कोजागिरीची ना? कोजागिरीच्या बारा वाजता मामंजी आमच्या ओटीवर होते. मी पोहे दिले त्यांना. त्यांनी दोनदा मागून घेतले. आन् म्हणाले, आमचा पोरगा आज बांधावर हाय, न्हायतर त्यालाच आणला असता."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, हाही खेळाचा भाग. पुढे बसलेल्या शाळेच्या बाई मात्र हसल्या नाहीत. वर्गातलं खोडकर पोर ओळखणारा डोळा होता तो. "मग पाळीवर कोण होतं, कॅप्टन?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या बायकोकडे बघितलं. "तुला म्हाईत होतं?"

"लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली. "मी काय शाळा शिकले नाय, पन दिवस मोजता येतात मला."

"मग बोलली नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले. मामंजींनी झाकलं ते त्यांचं. पन तुमी तर मेलेल्या माणसाला दर उधाणाला पाळीवर उभं करता. इतकी वर्षं त्याला कोन सोडवायला आला नाय. तुमी तरी सोडवा." मग पाण्याकडे नजर गेली आणि तिनं पुन्हा डोळे मिटले. "आन् मला काठाला न्या."

"मी होतो," मी बाईंना म्हटलं. माझा आवाज नाटकातला नव्हता, त्यामुळे त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्या दिवशी एकही मासा लागला नाही आणि एकीनंही तक्रार केली नाही.

पुढच्या रविवारी देवळात गावकीची बैठक होती. देवळाच्या पत्र्यांवर वाद चालला होता, हिरवे की निळे. मी टोपी घरी ठेवून गेलो. पत्रे संपेपर्यंत थांबलो. मग उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मुलगी बघायला गेलेला बाप, जिताडा, पाठ करून ओरडलेलं "धड हाय", आणि ती गाठ. मासा आधी बांधला, हेही. गोष्टी सांगून माणसं हसवणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी शब्द ओल्या पोत्यासारखे ओढावे लागले.

देवळातला पंखा तेवढा कुरकुरत होता. मग कोपऱ्यातला एक म्हातारा खाकरला. "केवढा होता?"

मी दोन्ही हात पसरले.

"हाती लागला?"

"नाय. खांड मोठी झाली तेव्हा खांबासकट गेला."

"हात् तिच्या!" म्हातारा म्हणाला, आणि दोघे-तिघे हसले. हसायला नको होतं, पण हसले. शेजारचा काका हसला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता. गुडघ्यांवर पांढरे हात ठेवून उठला, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि गेला. त्याचं शेत माझ्या शेताला लागून होतं. त्याच्या तोंडातून रोज निघालेलं "झोप्या" आता त्याच्याच गळ्यात अडकलं होतं, आणि तिथे ते मी अडकवलं होतं. बाकीच्यांनी पुन्हा पत्र्यांचा विषय काढला. माणसं किती दयाळू असतात बघा.

आठवडाभर काकाचं दार बंद. टोमणा नाही, काही नाही. मी बोटीवर जाताना मुद्दाम टोपी वाकडी घालून त्याच्या ओट्यासमोरून जायचो. त्या घरानं माझ्याशी कायमचं बोलणं सोडलं, असं मी धरून चाललो, आणि ते रास्तच होतं.

अवसेच्या सकाळी बायको अंगण झाडायला बाहेर गेली आणि तशीच आत आली. हातात झाडू. "फावडं नाय," ती म्हणाली.

दाराजवळच्या भिंतीवर इतक्या वर्षांचा एक उभा तेलकट डाग होता. फावडं नव्हतं. मी सगळीकडे शोधलं, विहिरीत डोकावलो. भंगारवाल्यानं नेलं असेल म्हणून शिव्या घातल्या. मग पाहुणे आले, आणि मला निघावं लागलं.

पाहुणे म्हणजे खांब गावाजवळ नव्या घरात राहायला आलेलं एक तरुण जोडपं आणि त्यांचे मित्र. मी गोष्ट सांगणार नव्हतो. पण बारा वाजले आणि सवयीनं इंजिन बंद झालं. झाडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तो नसेल, हे मला आतून ठाऊक होतं. बैठक झाल्यापासून घर रिकामं वाटत होतं, जेवायला एक ताट कमी वाढल्यासारखं. मी पडद्याकडे बघत राहिलो. उंचवटा, सपाट, उंचवटा. तिसऱ्या उंचवट्यापलीकडे आमचं शेत.

"कॅप्टन," ती मुलगी माझा दंड धरून कुजबुजली, "तिकडे कोण आहे?"

एक मित्र उभा राहिला. "अरे, बांधावर... फावडं घेऊन! पाण्यावर चालतोय!" बोट डुलली. कुणी किंचाळलं, कुणी फोन काढला, तो हातातून निसटला.

मी मान वर केली. घोटाभर पाण्यात एक म्हातारा चालत होता. खांद्यावर फावडं. भेंडीपर्यंत गेला, वाकला, कुठल्याशा बिळात फावड्यानं चिखल दाबला, वर पाय देऊन तो नीट बसवला, आणि वळला. वळताना फावड्याच्या दांड्यावर कोपरापर्यंत पांढरे हात दिसले.

मी उभा राहिलो. टोपी पाण्यात पडली, ती मी उचलली नाही. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बुडालेल्या शेतावरून ओरडलो, "काका! कसा हाय बांध?"

तो थांबला. पाणी चमकत होतं, मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता, त्यामुळे उत्तर स्वच्छ आलं.

"फुटलाय! तुला दिसत नाय काय?"

आणि फावडं दुसऱ्या खांद्यावर घेऊन तो पुन्हा उघाडीच्या दिशेनं चालू लागला.